सिरॅमिक आणि दात यांच्यामधला बंध: दंतसिमेंटची पकड कशी तयार होते, कशी मोजतात आणि कुठे सुटते

१. पाठाचा हेतू

दाताचा मोठा भाग किडीने किंवा अपघाताने गेला की दंतवैद्य त्यावर सिरॅमिकची टोपी बसवतात. त्या टोपीला आपण क्राऊन म्हणतो. समोरच्या दाताचा रंग किंवा आकार बिघडला असेल तर अर्धा मिलिमीटर जाडीचा सिरॅमिकचा पापुद्रा चिकटवतात. तो व्हिनिअर. दाढेच्या खळग्यात नेमका बसणारा तुकडा म्हणजे इनले. या तिन्हींमध्ये सिरॅमिक आणि दात यांच्या मध्ये एक थर असतो. त्याची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. हा थर म्हणजे दंतसिमेंट.

हा थर सुटला तर टोपी निघून हातात येते, पण खरा धोका त्याहून मोठा आहे. थर एका कडेने सुटतो, टोपी मात्र जागेवरच राहते. त्या फटीतून लाळ आणि जंतू आत जातात आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या सिरॅमिकखाली दात किडत राहतो. रुग्णाला दुखायला लागेपर्यंत अनेकदा दात वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून "हे सिमेंट किती चिकटते?" हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेपुरता नाही.

हा पाठ दंतवैद्यक, धातुशास्त्र, यांत्रिकी आणि पदार्थविज्ञान या शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रतिबल म्हणजे स्ट्रेस आणि विकृती म्हणजे स्ट्रेन या संकल्पना तुम्हाला माहीत आहेत असे धरले आहे. पाठ संपल्यावर तुम्हाला तीन गोष्टी जमायला हव्यात: बंध कोणत्या यंत्रणेने तयार होतो ते सांगणे, बंधसामर्थ्याचा एखादा आकडा दिसला तर त्याचा अर्थ लावणे, आणि कोणत्या सिरॅमिकला कोणते सिमेंट योग्य याचा तर्क मांडणे.

२. एक थर, दोन जोड

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. सिमेंटचा थर एक असला तरी जोड दोन आहेत: दात–सिमेंट आणि सिमेंट–सिरॅमिक. त्यातच सिमेंटचे स्वतःचे अंतर्गत सामर्थ्यही धरायला हवे. म्हणजे ही तीन कड्यांची साखळी झाली, आणि साखळी तुटते ती तिच्या सर्वांत कच्च्या कडीवर. दाताच्या बाजूला उत्तम तयारी करून सिरॅमिकची बाजू तशीच सोडली तर सगळी मेहनत वाया जाते.

दोन पृष्ठे एकमेकांना धरून राहण्याचे मुख्य मार्ग तीन:

(क) आकाराने मिळणारी पकड. दात जवळजवळ समांतर भिंतींचा घासलेला असेल तर टोपी त्यावर डब्याच्या झाकणासारखी घट्ट बसते. सिमेंटचे काम फक्त फट भरणे आणि घर्षण वाढवणे.

(ख) सूक्ष्म यांत्रिक पकड. गुळगुळीत काँक्रीटच्या खांबावर गिलावा टिकत नाही, म्हणून गवंडी आधी छिन्नीने खाचा पाडतो. इथेही तेच तत्त्व आहे, फक्त खाचा मायक्रोमीटरच्या मापाच्या आणि छिन्नीच्या जागी आम्ल.

(ग) रासायनिक बंध. सिमेंटमधला रेणू पृष्ठावरील अणूंशी थेट जोडला जातो.

(ख) आणि (ग) या दोन्हींसाठी एक पूर्वअट आहे: द्रव अवस्थेतल्या सिमेंटने पृष्ठ नीट ओले केले पाहिजे. सायकलच्या ट्यूबला पंक्चरचा तुकडा लावणारा कारागीर आधी रबर खरवडतो, पुसतो, मग सोल्यूशन लावतो आणि थोडे थांबतो. खरवडण्याने पृष्ठ वाढते, पुसण्याने मळ जातो आणि सोल्यूशन सगळीकडे पसरते. यातली एक पायरी जरी गाळली तरी तुकडा सुटतो. दंतवैद्याच्या खुर्चीवर घडणारी प्रक्रिया याच क्रमाने चालते.

३. दाताची बाजू

दात म्हणजे एकच पदार्थ नव्हे. बाहेरचे दंतवल्क म्हणजे इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, मुख्यतः हायड्रॉक्सिअपेटाइट. आतले दंतिन वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ (त्यात मुख्यतः कोलॅजेन) आणि १० टक्के पाणी असते. दंतवल्काचा स्थितिस्थापकता गुणांक साधारण ८० गिगापास्कल, तर दंतिनाचा १८ गिगापास्कलच्या आसपास. सिमेंटच्या दृष्टीने हे दोन पूर्णपणे वेगळे पृष्ठभाग आहेत.

दंतवल्क. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिले की दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावले तर अ‍ॅक्रिलिक रेझिन त्याला कितीतरी घट्ट धरून राहते. त्यांनी ८५ टक्के आम्ल ३० सेकंद वापरले होते. आज ३५ ते ३७ टक्के आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात. आम्लामुळे खनिजाचे स्फटिक असमान विरघळतात, पृष्ठ मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र होते आणि त्याची पृष्ठऊर्जा वाढते. पातळ रेझिन त्या छिद्रांत शिरून कडक झाले की हजारो बारीक खुंट्या तयार होतात. दंतवल्क कोरडे करता येते आणि त्याची रचना बरीच एकसारखी असते, म्हणून हा बंध भरवशाचा असतो. प्रयोगशाळेत तो साधारण २० ते ३० मेगापास्कल भरतो.

दंतिन. इथे अडचण पाण्याची आहे. दंतिनात १ ते ३ मायक्रोमीटर व्यासाच्या नलिका असतात आणि त्यांतून दंतमज्जेकडून द्रव झिरपत असतो. दंतवल्काजवळ दर चौरस मिलिमीटरला सुमारे २० हजार नलिका, तर मज्जेजवळ ४५ हजार किंवा त्याहून जास्त. खोल घासलेल्या दातात पृष्ठ अधिक ओले आणि चिकटायला अधिक अवघड का, याचे कारण या आकड्यांतच आहे. शिवाय दात घासताना पृष्ठावर चुऱ्याचा एक थर बसतो, त्याला स्मिअर लेअर म्हणतात. बंध त्या चुऱ्यावर होऊन चालणार नाही.

आम्ल लावले की चुरा निघतो, वरच्या काही मायक्रोमीटरमधले खनिज विरघळते आणि कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे उघडे पडते. या जाळ्यात रेझिन शिरून कडक झाले की अर्धे रेझिन, अर्धे दंतिन असा मिश्र थर तयार होतो. जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये या थराचे वर्णन केले. आज आपण त्याला हायब्रिड लेअर म्हणतो. आता एक पेच पाहा. पृष्ठ फार कोरडे केले तर आधार गेलेले तंतू ओल्या केसांसारखे एकमेकांना चिकटून खाली बसतात आणि रेझिनला आत जायला वाट राहत नाही. फार ओले ठेवले तर पाणी रेझिनची जागा अडवते. म्हणून दंतिनावरचा बंध करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतो.

४. सिरॅमिकची बाजू

विद्यार्थ्यांची सगळ्यात जास्त गफलत इथे होते. "सिरॅमिक" हा एकच पदार्थ धरून एकच पद्धत वापरायची नसते. बंधाच्या दृष्टीने दोन गट करा.

पहिला गट: काच असलेली सिरॅमिक्स. फेल्डस्पारयुक्त पोर्सेलिन आणि लिथियम डायसिलिकेट यात येतात. पोर्सेलिनचे वाकवण सामर्थ्य जेमतेम ६० ते १०० मेगापास्कल, तर लिथियम डायसिलिकेटचे ३६० ते ४०० मेगापास्कलच्या घरात. यांत सिलिका असलेली काच असते आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल काच विरघळवते. साधारण ५ टक्के आम्ल लिथियम डायसिलिकेटवर २० सेकंद पुरते. पोर्सेलिनला याहून जास्त वेळ लागतो. काच विरघळून स्फटिक उघडे पडतात आणि दंतवल्कासारखेच खाचाखोचांचे पृष्ठ मिळते. वेळ वाढवला म्हणजे बंध वाढेल असे मात्र नाही. जास्त खोल खाचा म्हणजे भेगा सुरू होण्याच्या जास्त जागा, आणि पातळ व्हिनिअरला ते परवडत नाही.

यानंतर सिलेन लावतात. सिलेन हा दुतोंडी रेणू आहे. त्याचे एक टोक सिरॅमिकच्या पृष्ठावरील सिलिकॉन–हायड्रॉक्सिल गटांशी सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन असा बंध करते. दुसऱ्या टोकावरचा मेथाक्रिलेट गट रेझिन सिमेंट घट्ट होताना त्याच्या साखळीत सामील होतो. अशा रीतीने खाचांच्या पकडीला रसायनाची जोड मिळते. फायबरग्लासच्या वस्तूंत काचेचा तंतू आणि रेझिन यांना जोडणारे रसायनही याच जातीचे आहे, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

सुरक्षेविषयी: हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून खोल जाते आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरते. सौम्य आम्लाची वेदना काही तास उशिराने जाणवू शकते, म्हणून "काही झाले नाही" असा समज होतो. हातमोजे, चष्मा, धूर ओढणारी व्यवस्था आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल असल्याशिवाय प्रयोगशाळेत त्याची बाटली उघडू नये.

दुसरा गट: झिर्कोनिया. इट्रिया घालून स्थिर केलेला झिर्कोनिया हा दंतवैद्यकातला सर्वांत बळकट सिरॅमिक. नेहमीच्या ३ मोल टक्के इट्रियाच्या प्रकाराचे वाकवण सामर्थ्य ९०० ते १२०० मेगापास्कल असते. पण त्यात काच नाही. त्यामुळे खुर्चीवरच्या पद्धतीने लावलेले हायड्रोफ्लोरिक आम्ल त्यावर उपयोगी खाचा पाडत नाही, आणि सिलिका नसल्याने नुसत्या सिलेनला धरायला जागा नाही. पदार्थ जितका बळकट आणि रासायनिकदृष्ट्या स्थिर, तितका तो चिकटवायला अवघड, असा हा विरोधाभास आहे.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी सुमारे ५० मायक्रोमीटरचे अ‍ॅल्युमिनाचे कण कमी दाबाने, म्हणजे १ ते २ बार दाबाने, फवारून पृष्ठ स्वच्छ आणि खरखरीत करायचे. मग एमडीपी नावाच्या रेणूचे प्रायमर लावायचे. एमडीपीच्या एका टोकाला फॉस्फेट गट असतो. तो झिर्कोनियाच्या ऑक्साइड पृष्ठाला धरतो, आणि दुसरे मेथाक्रिलेटचे टोक रेझिनला.

याच रसायनातून एक व्यावहारिक नियम निघतो. टोपी तोंडात घालून मापाची खात्री केली की तिच्या आतल्या बाजूला लाळ लागते. लाळेतही फॉस्फेट असतात. ते झिर्कोनियावरच्या जागा आधीच अडवून बसतात आणि एमडीपीला जागा उरत नाही. अशा वेळी सवयीने फॉस्फोरिक आम्लाने टोपी साफ केली तर आणखी फॉस्फेट मागे राहते. म्हणून झिर्कोनिया साफ करायला पुन्हा हलकी कणफवारणी किंवा त्यासाठीच बनवलेले क्षारीय क्लीनर वापरतात. काचेच्या सिरॅमिकवर मात्र फॉस्फोरिक आम्लाने सफाई चालते. एकच बाटली एका पदार्थाला उपकारक आणि दुसऱ्याला अपायकारक कशी, हे यावरून समजते.

५. सिमेंटचे प्रकार

झिंक फॉस्फेट: एकोणिसाव्या शतकापासून वापरात. दाताशी रासायनिक बंध नाही. दाबातले सामर्थ्य चांगले, पण सगळी भिस्त आकाराच्या पकडीवर.

पॉलिकार्बोक्झिलेट: १९६८ मध्ये डेनिस स्मिथ यांनी मांडले. दाताच्या खनिजाशी रासायनिक बंध करणारे पहिले सिमेंट.

ग्लास आयोनोमर: लंडनच्या लॅबोरेटरी ऑफ द गव्हर्नमेंट केमिस्टमध्ये अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी विकसित केले. यातले कार्बोक्झिल गट दातातल्या कॅल्शियमला धरतात. चाचणीतला बंध साधारण २ ते ५ मेगापास्कल, पण हा आकडा फसवा आहे. अनेकदा तुटते ते सिमेंट स्वतः, बंध नव्हे. फ्लुओराइड सोडणे आणि ओलसरपणा थोडाफार सहन करणे हे त्याचे गुण.

रेझिन-सुधारित ग्लास आयोनोमर: वरच्याच सिमेंटमध्ये रेझिनची भर. सामर्थ्य वाढते, पण पाणी शोषून काहीसे फुगते, त्यामुळे कमकुवत पोर्सेलिनखाली ते टाळतात.

रेझिन सिमेंट: भरणकण असलेले मेथाक्रिलेट रेझिन. दोन्ही पृष्ठांची नीट तयारी केली तर सर्वांत जास्त बंध यात मिळतो. पण पायऱ्या जास्त, आणि प्रत्येक पायरीवर ओलावा, रक्त आणि लाळ दूर ठेवावी लागते.

स्वयं-आसंजक रेझिन सिमेंट: २००२ नंतर रूढ झालेला प्रकार. यातले आम्लधर्मी रेणू स्वतःच पृष्ठाची तयारी करतात, म्हणून काम झटपट होते. मात्र दंतवल्कावर त्याची पकड आम्लाने तयार केलेल्या दंतवल्कावरच्या रेझिनपेक्षा कमी असते.

६. बंध मोजायचा कसा?

व्याख्या सोपी आहे:

बंधसामर्थ्य = जोड तुटतानाचा भार ÷ जोडाचे क्षेत्रफळ

उदाहरण १. लिथियम डायसिलिकेटच्या चकतीवर ३ मिलिमीटर व्यासाचा रेझिन सिमेंटचा दंडगोल बसवला आणि कर्तन चाचणीत तो १४२ न्यूटनला सुटला असे धरू. क्षेत्रफळ = ३.१४ × १.५ × १.५ = ७.०७ चौरस मिलिमीटर. बंधसामर्थ्य = १४२ ÷ ७.०७ = सुमारे २०.१ मेगापास्कल.

गणित संपले, पण अडचण आता सुरू होते. या भागाकारात आपण प्रतिबल सगळ्या क्षेत्रावर सारखे पसरले आहे असे गृहीत धरले. कर्तन चाचणीत पाते एका कडेला टेकते, त्यामुळे त्या कडेजवळचे प्रतिबल सरासरीच्या कितीतरी पट असते आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून मिळालेला आकडा हा पदार्थाचा गुणधर्म नसून नमुना, पाते आणि पदार्थ या सगळ्यांचा मिळून आलेला निकाल असतो.

नमुन्याच्या आकाराचाही परिणाम होतो. ठिसूळ जोडात सर्वांत मोठा दोष ठरवतो की तो कधी तुटेल. क्षेत्र मोठे असेल तर मोठा दोष सापडण्याची शक्यता जास्त. वेबुलच्या सिद्धांतानुसार दोन आकारांच्या सामर्थ्यांचे गुणोत्तर हे क्षेत्रांच्या व्यस्त गुणोत्तराच्या (१/म) घाताइतके असते. यातला म म्हणजे वेबुल मापांक.

उदाहरण २. वरचाच जोड ७ ऐवजी १ चौरस मिलिमीटर क्षेत्राच्या नमुन्यावर तपासला आणि म = ५ धरला तर सामर्थ्य ७ च्या १/५ घाताने, म्हणजे सुमारे १.४८ पटीने वाढेल. २०.१ × १.४८ = जवळपास ३० मेगापास्कल. सिमेंट तेच, हात तोच, आकडा मात्र दीडपट! (भार देण्याची पद्धत सारखी आहे असे इथे धरले आहे.) १९९४ पासून प्रचलित झालेल्या सूक्ष्म-ताण चाचणीत सुमारे १ चौरस मिलिमीटरचे नमुने वापरतात आणि तिचे आकडे मोठे येतात, त्याचे हे एक कारण. म्हणून एका शोधनिबंधातला ३० आणि दुसऱ्यातला २० हे आकडे चाचणी न पाहता शेजारी मांडू नका.

सरासरीपेक्षा विखुरणे अधिक बोलके असते. वेबुलच्या सूत्रानुसार दिलेल्या प्रतिबलाला जोड तुटण्याची शक्यता = १ − ई चा {−(प्रतिबल ÷ वैशिष्ट्यपूर्ण सामर्थ्य) चा म वा घात} इतका घात. यातला ई म्हणजे २.७१८.

उदाहरण ३. दोन सिमेंटांचे वैशिष्ट्यपूर्ण सामर्थ्य सारखेच, २० मेगापास्कल. पहिल्याचा म = ५, दुसऱ्याचा म = २. तोंडात १० मेगापास्कल प्रतिबल आले तर? पहिल्यासाठी १० ÷ २० चा पाचवा घात = १/३२, म्हणून शक्यता सुमारे ३ टक्के. दुसऱ्यासाठी वर्ग = १/४, म्हणून शक्यता सुमारे २२ टक्के. सरासरीच्या स्तंभात ही दोन सिमेंटे जवळजवळ सारखी दिसतील. रुग्णाच्या दृष्टीने एकात तेहेतीसपैकी एक जोड सुटेल, दुसऱ्यात पाचपैकी एक. सरासरीसोबत प्रमाण विचलन किंवा वेबुल मापांक दिला नसेल तर तो आकडा अर्धवट समजा.

तुटल्यानंतर पृष्ठे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असतात. तडा जोडावरून गेला की सिमेंटमधून, की दंतिन किंवा सिरॅमिकमधून? तडा दंतिनातून गेला म्हणजे बंध दंतिनापेक्षा मजबूत, असा निष्कर्ष घाईने काढतात. तो चूक असू शकतो. कडेवरच्या एकवटलेल्या प्रतिबलाने तडा आत वळवला असेल, तर तो जोडाबद्दल काहीच सांगत नाही. तसेच कापताना काही नमुने चाचणीआधीच सुटतात. ते शून्य धरले की गाळले, यावरून सरासरी बदलते. निबंधाच्या पद्धती विभागात हे शोधा.

७. तोंडातले वास्तव

चोवीस तासांनी मोजलेला बंध आणि पाच वर्षांनंतरचा बंध या वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडात चार शत्रू एकाच वेळी काम करतात.

पाणी. सिलेनचा सिलिकॉन–ऑक्सिजन–सिलिकॉन बंध पाण्याने हळूहळू तुटतो. रेझिन पाणी शोषून मऊ पडते. दंतिनात रेझिन न पोहोचलेले उघडे कोलॅजेन राहिले तर दातातलीच काही विकरे ते कुरतडतात.

तापमान. गरम चहावर थंड पाणी प्यायलो की थर प्रसरण–आकुंचन पावतो. म्हणून चाचण्यांत नमुने ५ आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात. दात आणि सिरॅमिक यांचे प्रसरण गुणांक एकमेकांच्या जवळ, दर अंशाला सुमारे १० दशलक्षांश. रेझिन सिमेंटचा त्याच्या काही पट.

उदाहरण ४. सिमेंटचा गुणांक ३०, दात व सिरॅमिकचा १०, तापमानातला फरक ५० अंश, सिमेंटचा स्थितिस्थापकता गुणांक ६ गिगापास्कल आणि पॉयसन गुणोत्तर ०.३ धरू. अडवलेली विकृती = २० × ५० दशलक्षांश = ०.००१. थराच्या प्रतलातले प्रतिबल = ६००० × ०.००१ ÷ (१ − ०.३) = सुमारे ८.६ मेगापास्कल. प्रत्यक्षात दातातले तापमान इतके बदलत नाही आणि रेझिन थोडे सैलावते, म्हणून ही वरची मर्यादा समजा. पण थराच्या कडांजवळ हेच प्रतिबल कर्तनाच्या रूपात जोडावर उतरते, आणि सूट सुरू होते ती कडेवरूनच. ग्लास आयोनोमरचे २ ते ५ मेगापास्कल आठवा, म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल.

आकुंचन. रेझिन कडक होताना आकसते, साधारण २ ते ५ टक्के आकारमानाने. १० × १० मिलिमीटरचा, ५० मायक्रोमीटर जाडीचा थर घ्या. बांधलेले पृष्ठ दोन्ही बाजू मिळून २०० चौरस मिलिमीटर. मोकळ्या कडा ४० × ०.०५ = २ चौरस मिलिमीटर. गुणोत्तर १००. म्हणजे आकसण्यासाठी मोकळी बाजू जवळजवळ नाहीच. सुरुवातीला सिमेंट मऊ असताना टोपी किंचित खाली सरकते आणि प्रतिबल काही प्रमाणात सैल होते, एवढाच दिलासा. म्हणून सिमेंट घट्ट होईपर्यंत टोपीवर स्थिर दाब ठेवावा लागतो.

चावणे. प्रत्येक घास लहान असतो, पण संख्या प्रचंड. चर्वण-यंत्रांत १२ लाख चक्रे म्हणजे ढोबळमानाने पाच वर्षे असा हिशेब करतात. एका झटक्याला २० मेगापास्कल सहन करणारा जोड लाखो चक्रांनंतर त्याच्या काही अंशावरच सुटतो. धातूच्या थकव्याचा पाठ तुम्ही शिकला असाल. इथे फरक एवढाच की चक्रे पाण्यात चालू असतात.

याशिवाय प्रकाशाचा प्रश्न आहे. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या सिमेंटला निळा प्रकाश लागतो. जाड किंवा गडद सिरॅमिकखाली तो पुरेसा पोहोचत नाही आणि सिमेंट अर्धे कच्चे राहते. अशा ठिकाणी रासायनिक रीतीनेही घट्ट होणारे दुहेरी सिमेंट वापरतात. तात्पुरत्या सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातले युजेनॉल असेल तर त्याचे अवशेषही रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणतात.

८. निवड कशी करावी?

आता सगळे एकत्र आणू. तीन प्रश्न क्रमाने विचारा.

पहिला: आकाराची पकड आहे का? पुरेशी उंची आणि कमी निमुळतेपणा असलेल्या दाढेवरचा झिर्कोनिया क्राऊन ग्लास आयोनोमरनेही वर्षानुवर्षे राहतो. १०० चौरस मिलिमीटर क्षेत्र आणि ३ मेगापास्कल बंध धरला तरी सरासरी हिशेबाने ३०० न्यूटन होतात, आणि भिंती टोपीला एकाच दिशेने निघू देतात. दात आखूड किंवा फार निमुळता असेल तर हा आधार जातो. व्हिनिअरला तर भिंतीच नसतात. तिथे बंध हाच एकमेव आधार.

दुसरा: सिरॅमिक स्वतः किती बळकट आहे? पोर्सेलिनच्या पातळ पापुद्र्याला बंध केवळ धरून ठेवत नाही, वाचवतोही. रेझिन आतल्या बाजूच्या सूक्ष्म भेगा भरते आणि भार दाताकडे पोहोचवते. काचेचा पातळ तुकडा टेबलावर नुसता ठेवून दाबला तर फुटतो, पूर्ण चिकटवलेला असेल तर बराच जास्त भार घेतो. झिर्कोनियाला या मदतीची गरज कमी, पोर्सेलिनला ती अनिवार्य.

तिसरा: कोरडेपणा राखता येईल का? हिरडीखाली गेलेली कड, झिरपणारे रक्त, तोंड कमी उघडणारा रुग्ण अशा परिस्थितीत कागदावर सर्वांत बलवान असलेले रेझिन सिमेंट प्रत्यक्षात सर्वांत कमजोर ठरू शकते. तिथे ओलावा सहन करणारे सिमेंट आणि चांगली आकाराची पकड हीच शहाणी निवड.

कड शक्य तिथे दंतवल्कातच ठेवावी, हेही यातूनच येते. सूट कडेवरून सुरू होते आणि दंतवल्कावरचा बंध सर्वांत टिकाऊ. दात घासताना वाचवलेला अर्धा मिलिमीटर दंतवल्क महागड्या सिमेंटपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

९. सारांश

• थर एक, जोड दोन. दोन्ही पृष्ठांची तयारी वेगळी.
• काचेच्या सिरॅमिकला हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि सिलेन. झिर्कोनियाला कणफवारणी आणि एमडीपी.
• दंतवल्कावरचा बंध भरवशाचा, दंतिनावरचा ओलाव्यावर आणि हातावर अवलंबून.
• बंधसामर्थ्याचा आकडा चाचणी, क्षेत्र, विखुरणे आणि काळ यांच्याशिवाय अपुरा.
• आकाराची पकड जितकी कमी आणि सिरॅमिक जितके कमकुवत, तितके बंधाचे महत्त्व जास्त.

१०. स्वाध्याय

१. एका नमुन्याचा व्यास २ मिलिमीटर असून तो ६३ न्यूटनला सुटला. बंधसामर्थ्य काढा. (उत्तर: सुमारे २० मेगापास्कल)

२. उदाहरण २ मध्ये म = १० घेतल्यास आकडा किती वाढेल? मापांक वाढला की आकाराचा परिणाम कमी का होतो? (उत्तर: सुमारे १.२१ पट. कारण स्वतःच्या शब्दांत लिहा.)

३. झिर्कोनिया क्राऊन तोंडात तपासल्यावर सहायकाने तो फॉस्फोरिक आम्लाने धुतला. बंधावर काय परिणाम होईल? रासायनिक कारण द्या.

४. एका जाहिरातीत "बंधसामर्थ्य ३५ मेगापास्कल" एवढेच लिहिले आहे. निर्णय घेण्यापूर्वी तुम्ही विक्रेत्याला कोणते पाच प्रश्न विचाराल?

५. आखूड, निमुळत्या दाढेवर लिथियम डायसिलिकेटचा क्राऊन बसवायचा आहे, कड दंतवल्कात आहे आणि कोरडेपणा राखता येतो. सिमेंट निवडा आणि दोन्ही पृष्ठांच्या तयारीच्या पायऱ्या कारणांसह क्रमाने लिहा.